लोव्रेची डावी बाजू

लोव्रेचा डावा डोळा माझ्याच फटक्यानं गेला. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या स्प्लिट शहरात लोक माझ्यासमोर तो विषय टाळतात, आणि जिवाला तेच जास्त लागतं.

आम्ही दोघं समुद्राकाठच्या एकाच टेनिस क्लबात, लाल मातीच्या कोर्टावर वाढलो. एकेरीत दोघांचीही डाळ शिजली नाही. एकविसाव्या वर्षी तो म्हणाला, आता जोडीनं खेळू. पुढची नऊ वर्षं आम्ही जोडीनंच जगलो. एका खोलीत झोपायचं, याच्या पिशवीत त्याचे मोजे. एकेरीचा सामना संपला की प्रेक्षक उठून जायचे आणि आम्ही रिकाम्या खुर्च्यांसमोर दुहेरी खेळायला उतरायचो. मी उजवीकडे, तो डावीकडे.

त्या मार्चमध्ये सराव चालला होता. तो जाळीपाशी होता. मी त्याच्या पायाशी मारायला गेलो, चेंडू माझ्या रॅकेटच्या कडेला लागला आणि थेट त्याच्या डोळ्यात. आतला पडदा फाटला. दोन शस्त्रक्रियांनंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या डोळ्याला उजेड-अंधार तेवढा कळेल. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज नीट येत नाही, तेव्हा टेनिस विसरा.

मीही रॅकेट टांगून ठेवली. त्याच्याकडे जायचो, पण कपातली कॉफी बघत बसायचो आणि उठून यायचो.

आठ महिन्यांनी त्यानं मला कोर्टावर बोलावलं. जाळीपाशी उभा राहून म्हणाला, मार. मी हलकेच मारला.

"याक्शा, मी आजारी नाही आणि तू नर्स नाहीस. नीट मार."

मारत गेलो. पहिले दहा-बारा चेंडू त्याच्या बाजूनं निघून गेले, एक खांद्यावर आदळला. मी थांबलो की तो रॅकेटनं जाळी बडवायचा. मग त्यानं मान किंचित डावीकडे वळवली आणि चेंडू परत यायला लागले. एक तर माझ्या पायांच्या मधून गेला.

त्याच्या बहिणीनं, नेवेन्कानं, नंतर सांगितलं की डोळ्यावरची पट्टी निघाल्यापासून ती रोज सकाळी अंगणात त्याच्यावर लिंबं फेकत होती. "पहिले दोन महिने सगळी भिंतीवर फुटली," ती म्हणाली. "शेजारीण म्हणायची, सरबत तरी करा. तुला मात्र सांगायचं नाही, अशी तंबी होती."

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही आमच्याच किनाऱ्यावरच्या एका स्पर्धेत उतरलो. समोर रुमानियाची जोडी. पहिला सेट आम्ही घेतला. दुसऱ्यात त्यांच्यातल्या उंच खेळाडूच्या लक्षात आलं की लोव्रेला कोर्टाची डावीकडची पट्टी दिसत नाही. मग तिथंच मारा सुरू झाला. तीन चेंडू तर त्याला दिसलेच नाहीत. सेट गेला.

आता निकाल दहा गुणांच्या टायब्रेकवर. मी म्हणालो, बाजू बदलू, डावीकडे मी उभा राहतो. त्यानं टॉवेलमधून तोंड बाहेर काढलं.

"थांब जरा. आत्ता कुठं मला तो माणूस कळायला लागलाय."

आणि तो मधल्या रेषेकडे आणखी सरकून उभा राहिला. डावीकडची पट्टी सताड उघडी. मला वाटलं, याचं डोकं फिरलं. उंच रुमानियनानं जागा बघितली आणि तिकडंच मारला. चेंडू त्याच्या रॅकेटवरून सुटायच्या आधीच लोव्रे तिथं पोचला होता. एकदा झालं असतं तर मी नशीब म्हटलं असतं. चार वेळा झालं. पाचव्यांदा त्या माणसाचा हात कचरला आणि चेंडू जाळीत गेला. दहा-सहा.

कपडे बदलताना मी विचारलं, कसं कळत होतं तुला?

"रेषेलगत मारायचं असलं की त्याची मागची टाच आधी वर उठते," तो बुटाची नाडी सोडत म्हणाला. "पूर्वी मी चेंडूच बघत बसायचो."

सव्वा वर्ष बोलायचं राहिलेलं मी तेव्हा बोललो. "लोव्रे, त्या दिवशीचा माझा फटका..."

"वाईट होता," तो म्हणाला. "अजूनही तसाच मारतोस. कोपर खाली घे."

पुढच्याच फेरीत आम्ही हरलो. पण त्यानंतर पाच वर्षं खेळलो, पॅरिसला उपांत्य फेरीपर्यंत गेलो. शेवटी थांबलो तो मी. माझा गुडघा गेला. त्यानं झाग्रेबचा एक जोडीदार घेतला आणि खेळत राहिला.

गेल्या वसंतात मी पहिल्यांदा त्याचा सामना प्रेक्षकांत बसून पाहिला. चौदा वर्षं त्याच्या शेजारी उभा होतो, त्यामुळे तो मला पुरता कधी दिसलाच नव्हता. समोरच्यानं रॅकेट मागं नेली की हा हलायचा. घाई नाही, धावपळ नाही. चेंडू त्याच्याकडे घरी आल्यासारखा यायचा. माझ्या दोन्ही धड डोळ्यांना तो चेंडू प्रत्येक वेळी उशिरा सापडत होता.

शेजारच्या बाईंनी विचारलं, तुम्ही ओळखता का यांना?

मला लगेच हो म्हणता येईना.