शिदू मेलेला नाही

मी सुनीती. वय चौसष्ट. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली आणि 'मा. साहेबांच्या आदेशावरून' अशी सुरू होणारी हजारो पत्रं लिहिली. त्यांतलं एकही वाक्य माझं नव्हतं. गेली दोन वर्षं मात्र मी शिदू आहे. बावीस वर्षांचा घोडेचोर, तुरुंग फोडून घाटात पळालेला. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, मला पुढे कामं आहेत.

फोनवर आमचा पाच जणांचा ग्रुप आहे. प्रत्येकानं एकेक माणूस घेतलाय. आपला माणूस काय करतो, काय बोलतो, ते आपण लिहायचं. मग दुसरा त्याच्या माणसाचं लिहितो. गोष्ट कुठं जाणार, हे कुणालाच ठाऊक नसतं. नियम एकच: दुसऱ्याच्या माणसाला परस्पर हलवायचं नाही. शिदूवर सुरा उगारा खुशाल, पण तो लागला की हुकला, हे मी सांगणार. खरी नावं कुणी विचारत नाही. फौजदार लिहिणारा पुण्याजवळच्या मांजरी गावचा असावा, कारण तिथली लाइट गेली की त्याची चौकी थंडावते. मला सगळे 'शिद्या' म्हणतात. माझे गुडघे कुणाला माहीत नाहीत.

यात कसली आलीय मजा, असं विचारणारे भेटतात. अहो, मी एक वाक्य पाठवते आणि चार माणसं थांबून राहतात, आता शिदू काय करतो म्हणून. घरात मी तोंड उघडलं की सून म्हणते, "कळलं आई, गॅस बंद केलाय." मला दुसरंही काही सांगायचं असेल, हे तिच्या डोक्यात येत नाही.

परवा पुतणीच्या वास्तुशांतीला वन्संनी फोटो बघायला माझा फोन घेतला आणि 'सुरा दातांत धरून मी भिंत चढलो' हे चारचौघांत मोठ्यानं वाचलं. परतताना रिक्षात माझा मुलगा आमोद माझ्यापासून सरकून बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून आले, तर माझा फोन त्याच्या हातात.

"मिटवलं मी ते प्रकरण," तो म्हणाला. "आता जरा फिरायला जात जा. लोक काय म्हणतील, आई?"

ग्रुपवर माझ्या नावानं लिहिलं होतं: 'शिदू दरीत पडला आणि मेला. सगळ्यांना नमस्कार.'

दोन वर्षं जपलेल्या पोराला यानं ऑफिसला जाता जाता ढकलून दिलं. आणि वर नमस्कार!

त्याखाली गोष्टीतल्या खानावळवाल्या इंदुबाईचं आलं होतं: 'असं कसं? शिद्या?'

शिदूला वाचवायचं तर एकच मार्ग होता: हे मी लिहिलेलं नाही, असं सांगायचं. पण मग कुणी लिहिलं, माझा फोन कुणाच्या हाती लागतो, मी कोण, हे सगळं ओघानं आलंच. आणि एकदा मी 'काकू' झाले की संपलं. फौजदार जपून बोलणार, इंदुबाई गुडघ्यांसाठी तेल सुचवणार. असल्या जगण्यापेक्षा शिदूला दरीच बरी.

पण तो 'नमस्कार' पुन्हा वाचला आणि मला राहवेना. मग लिहायला घेतलं. आमोद मागून वाचत होता.

'मी सुनीती. वय चौसष्ट, विश्रांतवाडी. वरची ओळ माझ्या मुलानं मला न विचारता लिहिली. माझ्या माणसाला हलवायचा हक्क त्याला नाही, तुम्हालाही नाही. शिदू मेलेला नाही.'

"घरातलं सगळं चव्हाट्यावर मांडणार तू?" आमोद म्हणाला.

"माझ्या नावानं माणूस मारलास. तरी मी तुझं नाव घेतलेलं नाही. आभार मान."

"तुझ्या भल्यासाठीच केलं ना मी!"

"माझं भलं मला विचारून करायचं."

फौजदार काहीतरी लिहितोय, असं दिसू लागलं. थांबलं. पुन्हा दिसू लागलं. 'सॉरी काकू' असं आलं तर आपणच ग्रुप सोडायचा, असं मी ठरवूनही टाकलं.

मग आलं: 'फौजदारानं काठावरून बंदूक रोखली. "हरामखोरा, मेल्याचं सोंग करतोस? वर ये. तीन आकडे मोजतो!"'

हरामखोरा! मला! चौसष्ट वर्षांत इतक्या मानानं मला कुणी हाक मारली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं, ते मी आमोदपासून लपवलंसुद्धा नाही.

ऑफिसची बॅग खांद्याला तशीच अडकवून तो फोनवर वाकला होता. "आई, हा तर गोळी घालेल तुला."

"बघते कशी घालतो," मी म्हटलं. "तू सरक. उजेड अडतोय."