अठराव्या ओळीचं नाव

मतदारसंघाच्या कार्यालयात काळ्या रंगाचा मोठा फळा होता. आजवरच्या सगळ्या आमदारांची नावं त्यावर पिवळ्या रंगात, ओळीनं. पहिले पोस्टमास्तर, मग निवडून आल्यावर वर्षभरातच गेलेले डॉक्टर, मग आलटूनपालटून येणारे दोघे साडू, आणि खालच्या पाच ओळींत एकच नाव, साहेबांचं. वरची नावं पेंटरच्या वडिलांच्या हातची, साहेब मात्र पाचही वेळा पेंटरनंच लिहिलेले.

रंग वाळायला चार तास लागतात आणि निकाल लागला की माणसांचा लोंढा आत घुसतो. दोन निवडणुकांआधी कुणीतरी ओल्या नावाला पाठ लावून अर्धे साहेब कोटावर घेऊन गेला होता. तेव्हापासून पेंटर निकालाच्या सकाळीच नाव लिहून मोकळा व्हायचा. साहेबच येणार हे शेंबडं पोरही सांगत होतं.

आजही त्यानं तेच केलं होतं. फरक एवढाच की या वेळी साहेबांसमोर उभी होती त्याची सख्खी थोरली बहीण. जिल्हा परिषदेला दोनदा आपटलेली, तरी हट्टानं तिसऱ्यांदा, आता आमदारकीला, उभी राहिलेली नर्स. सकाळी मतमोजणीला जाताना ताईनं विचारलं होतं, येईन ना रे मी? त्यानं शंभर टक्के म्हटलं होतं, आणि तिथून थेट येऊन अठराव्या ओळीत साहेबांना बसवलं होतं. हाताला सवयच ती.

दुपारपासून बायकोचे फोन सुरू झाले. ती ताईची प्रतिनिधी म्हणून मोजणीच्या टेबलाशी होती. ताई चारशेनं मागे. ताई दोनशेनं मागे. मग फोनवर नुसता गलका. पेंटर खुर्चीत बसेना, उभा राहीना. काळीज असं धडधडत होतं की आपण खूश आहोत की घाबरलोय हेच त्याला कळेना. ताई अकरानं पुढे! मग फेरमोजणी. सव्वाचारला बायको रडत रडत ओरडली की ताई आली, एका मतानं आली, आम्ही निघालोय, अर्ध्या तासात पोचतो.

पेंटर तिथल्या तिथे नाचला. नाचता नाचता त्याची नजर फळ्यावरच्या अठराव्या ओळीवर गेली. टर्पेंटाइनचा बोळा घेऊन तो शिडीवर चढला. एवढ्यात टेबलाचे खण रिकामे करायला साहेब आले. त्यांनी वर पाहिलं. आपलंच नाव, कोरं करकरीत.

"मीही विजयाचं भाषण खिशात घालूनच फिरतोय," साहेब म्हणाले आणि चक्क हसले. मग बाही सरसावून दुसरा बोळा त्यांनी घेतला. दोघांनी घासघास घासलं, पण अक्षरं गेली तरी पिवळट डाग काही हटेना. साहेब म्हणाले, जुना रंग निघाला म्हणून सांगू, मी आहे साक्षीला. पेंटरला हायसं वाटलं.

लोंढा आला. सर्वांत पुढे ताई, आवाज बसलेला, केस विस्कटलेले, चेहरा लख्ख. पेंटरला वाटलं आता छाती फुटेल आनंदानं. ताईनं फळा पाहिला, डाग पाहिला. बावीस वर्षं रुग्णांचे चेहरे वाचणारी बाई ती. तिनं भावाकडे पाहिलं.

साहेब जुन्या रंगाचं सांगायला लागले, पण पेंटरच्यानं राहवेना.

"सकाळी साहेबांचं नाव लिहिलं होतं, ताई. तू येशील असं मला वाटलंच नव्हतं."

पेंटरच्या बायकोनं कपाळावर हात मारला.

"मत कुणाला दिलंस?" ताईनं विचारलं.

"तुलाच."

"पडणार हे धरून?"

"हो."

ताई त्याच्या अगदी जवळ आली. तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती.

"एका मतानं आलेय मी," ती म्हणाली. "मी येणार असं ज्यांना वाटत होतं, नुसत्या त्यांच्या मतांवर पडलेच असते रे."