एक लांब, दोन आखूड

जुने भोंगे दुरुस्त करायचं माझं वेड नवऱ्याला कधीच पटलं नाही. "घरात एक भोंगा होता, तो काय कमी होता?" असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतो. पण आम्ही दोघं जिथे राबलो, त्या बंद कारखान्याचा पितळी भोंगा भंगारात निघाला, तेव्हा हातगाडीवर घालून नवराच तो घेऊन आला. भोंग्याच्या ओठाला चीर होती. मी ती झाळून बुजवली.

मग मालकाचा मुलगा आला. कारखाना पाडून तिथे दुकानं होणार होती. "मावशी, पाडायच्या आधी एकदा वाजवा. निरोपाचा भोंगा! फोटोवाले येतील."

निरोपाचा म्हणे! याच्या बापाने भर पाळीत आम्हाला बाहेर काढून फाटकाला कुलूप ठोकलं, तेव्हा निरोप आठवला नाही. आमची ती पाळी कधी सुटलीच नाही.

मी भोंगा फाटकावर चढवला आणि हवेचा कॉम्प्रेसर जोडला. रस्त्यावर जुने कामगार जमले होते. एक लांब म्हणजे पाळी सुरू, दोन आखूड म्हणजे पाळी सुटली, हे त्यांना झोपेतही कळायचं.

"चला मावशी, दोन आखूड!" मुलगा म्हणाला.

मी साखळी ओढली आणि सोडलीच नाही. हवा संपेपर्यंत एकच, लांबलचक.

"अहो, चुकलं!" तो कानात बोटं घालून ओरडला.

"मागे बघ," मी म्हटलं.

कामगार फाटकातून आत चालले होते. सगळ्यात पुढे माझा नवरा होता.

"भोंगा झाला साहेब," तो म्हणाला, "बाजूला व्हा."