मोढ्यावर बसलेला उसना आवाज

मित्रांनो, मी एक जुना मोढा, म्हणजे बसायचे गोल, बुटके आसन आहे. सरकंडा गवताच्या जाड काड्या सुतळीने आवळून आणि बुडाशी सायकलचे फाटके टायर शिवून मला घडवले. पहिली वर्षे मी बनारसच्या एका चहाच्या दुकानापुढे काढली. पावसात भिजलो, कुत्र्यांनी मला कुरतडले आणि प्लास्टिकच्या खुर्च्या आल्यावर गल्लीत भिरकावला गेलो. तिथून विद्युल्लताताईंनी मला उचलून मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आपल्या खोलीत आणले.

ताई समुपदेशक आहेत. मोठी माणसे त्यांच्याकडे येऊन मनातली घालमेल बोलून दाखवतात. खोलीत गुबगुबीत खुर्चीही आहे, पण ज्याला स्वस्थ बसवत नाही तो माझ्याकडेच वळतो. बोलता बोलता माझी सुतळी उकलत राहतो. मी तक्रार करत नाही.

नीलकंठगुरुजी तर माझ्या काठावर नुसते टेकत. ते इथल्याच, गंगेवरच्या पंचगंगा घाटावर पूजा सांगतात. त्यांचे वडील वासुदेवशास्त्री वारले, तेव्हा यजमान म्हणाले, "तुमच्या तोंडून शास्त्रीबुवाच बोलतात." गुरुजींना ते गोड वाटले. त्यांनी वडिलांचा भरदार आवाज धरला, मग त्यांचे खाकरणे, मग त्यांचे ठरलेले विनोदही. आता तो आवाज घरीही सुटेना. एकटे असताना आपल्यातून कोण बोलते आहे, हेच त्यांना कळेना.

ताईंनी त्यांना स्वतःच्या आवाजात संकल्प सांगायला सांगितला. गुरुजी बसले, उठले, खिडकीशी गेले, परत बसले. त्यांच्याखाली मी सारखा करकरत होतो. शेवटी एक बारीक, घोगरा आवाज निघाला आणि अर्ध्यात थांबला.

"हे घरी नाही चालणार, ताई," ते म्हणाले. "आईला आता दिसत नाही. बाबांचा आवाज कानावर पडला की तिला तसल्ली होते. मी तो सोडला, तर बाबा तिच्यासाठी दुसऱ्यांदा जातील."

"आणि तुम्ही, नीलकंठजी? तिच्यासाठी तुम्ही कुठे आहात?"

ते उठले आणि जिना उतरून गेले. ठरल्या दिवशी आले नाहीत. जिन्यावर पाऊल वाजले की मला वाटे, तेच असतील. दुसरेच कोणी येई.

मग एका सकाळी ते आले आणि उभ्याउभ्याच सांगू लागले. काल दूध ठेवताना त्यांनी आईला आपल्या खऱ्या आवाजात हाक मारली होती. ती दचकली, कोण आलंय म्हणून विचारू लागली. त्यांनी आपले नाव सांगितले. ती इतका वेळ गप्प होती, की बाबांसारखे एकदा खाकरावे आणि सगळे मिटवून टाकावे, असे त्यांच्या मनात आले. पण ते खाकरले नाहीत. तेव्हा आईने हाताने चाचपत शेजारी जागा केली.

"बैस," ती म्हणाली. "फार दिवसांनी आलास."

मित्रांनो, कोणी अगदी वडिलांसारखे बोलले, तर कौतुक जरूर करा. पण तेवढ्यावर थांबू नका. तुझे स्वतःचे काय म्हणणे आहे, हेही त्याला विचारा. आणि उत्तर शोधताना तो येरझारा घालू लागला, तर त्याला खाली बसवायची घाई करू नका.