दर शनिवारी सरळ

"मान?" दाराबाहेरून पप्पांचा आवाज यायचा.

"सरळ," मी आतून म्हणायचे.

"पाठ?"

"सरळ."

"कंबर?"

"सरळ."

मग कार्डावर पेन्सिल घासल्याचा आवाज, आणि जिन्यावरून खाली जाणारी पप्पांची पावलं. छप्पन्न वर्षं झाली. त्या दाराला तीनदा रंग दिला. तो आवाज मात्र अजून त्याच्याबाहेर उभा आहे, उत्तराची वाट बघत.

पप्पा पाठीचे डॉक्टर. 'एमिल ड्रेविस, कायरोप्रॅक्टर' अशी पाटी आमच्या घराच्या पुढच्या खिडकीत होती. मिसिसिपीच्या काठावरच्या आमच्या गावात औषधं देणारा डॉक्टर वेगळा होता. माणसं त्याच्याकडे आजारी पडल्यावर जात. पप्पांना हे पटायचं नाही. दुखायला लागल्यावर आलात म्हणजे उशिरा आलात, असं ते येईल त्याला ऐकवायचे. डुकरं पाळणारे, मक्याची पोती वाहणारे थोराड गडी काही दुखत नसताना महिन्यातून एकदा आमच्या पुढच्या खोलीत निमूट पालथे पडायचे. पप्पा म्हणायचे, श्वास सोडा, सगळा सोडा. मग एक बारीक कट्ट असा आवाज, आणि माणूस उठताना दोन बोटं उंच झाल्यासारखा उठायचा.

घरात तर नियमच होता. शनिवारी अंघोळ झाली की पाठ दाखवायची, मग रविवारी चर्चला जायचं. पण मुलगी तेराची झाली की पप्पा तिच्या उघड्या पाठीला हात लावत नसत. ते आमच्यात बसत नव्हतं. आईची बोटं शिवणकामानं निबर झालेली, त्यांना काही कळायचं नाही. म्हणून माझी मोठी बहीण लिओना तेराची झाली तेव्हा तिची पाठ बघायचं काम माझ्याकडे आलं. मी अकराची होते.

पप्पांनी माझी बोटं तयार केली. टेलिफोनच्या जाड पुस्तकात एका पानाखाली केस ठेवायचा आणि वरून बोट फिरवून तो कुठं आहे ते सांगायचं. मग दोन पानं, मग चार. केस लांब लागायचा, म्हणून मी लिओनाच्या वेणीतून उपटायचे. तिचे केस पिकलेल्या ओटच्या रंगाचे. ती कळवळून म्हणायची, "अगं सटवे, हळू की." उन्हाळा संपेपर्यंत सात पानांखालचा केस मला लागायला लागला. पप्पा जेवताना म्हणाले, हुल्डाची बोटं कामाची आहेत. आणि त्याच दमात म्हणाले, पण पाठ बघावी तर लिओनाची.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी चर्चच्या जेवणावळीत त्यांनी लिओनाला खुर्चीवर उभं केलं. शंभर माणसांपुढं. हिच्याकडे बघा म्हणाले, जन्मल्या दिवसापासून हिचा एक आठवडा चुकला नाही. लोकांनी काटे-चमचे खाली ठेवून बघितलं. मी कॉफीचे कप गोळा करत होते.

त्या संध्याकाळी तिच्या उजव्या खांद्याच्या पात्याखाली माझं बोट थांबलं.

मणक्यांची ओळ तिथं वाट सोडून जरा बाजूला झाली होती, शेताच्या कडेनं जाणारी पायवाट ओहोळापाशी वळते तशी. मी परत वरून खाली बोट आणलं. ते परत तिथंच थांबलं. लिओना उशीत तोंड खुपसून जेवणावळीतल्या कुणाची तरी नक्कल करत हसत होती.

"पाठ?" पप्पांनी विचारलं.

तिच्या अंगावरची एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती, पप्पांना ठाऊक नव्हती, मला एकटीला ठाऊक होती. ती मला कुणाला द्यायची नव्हती.

"सरळ," मी म्हटलं.

पुढच्या शनिवारी सांगू असं ठरवलं होतं. पण पुढच्या शनिवारी सांगायचं तर मागचा शनिवार खोटा पडणार. आणि दर आठवड्याला मागचे शनिवार वाढतच गेले.

वळण वाढत होतं. लिओनाच्या फ्रॉकचा घेर एका बाजूनं उचलला जायला लागला. आई गुडघ्यांवर बसून, तोंडात टाचण्या धरून ती बाजू खाली सोडायची आणि कापडाला नावं ठेवायची. हल्लीची कापडं धुतली की तिरकी आटतात, म्हणायची. लिओना कमरेवर हात ठेवून उभी राहायची. मी खिडकीत बसून शेंगा सोलायचे.

ती सोळाची झाली त्या वर्षी आमच्या जिल्ह्याच्या जत्रेत पाठीच्या डॉक्टरांनी मिळून एक स्पर्धा ठेवली. 'सरळ पाठीची राणी.' तेव्हा अशा स्पर्धा गावोगाव व्हायच्या. मुलीनं दोन वजनकाट्यांवर एकेक पाय ठेवून उभं राहायचं. दोन्ही काटे सारखे दाखवतील तर पाठ सरळ. आधी परगावच्या डॉक्टरनं काढलेला पाठीचा एक्स-रे पाकिटात बंद ठेवायचा आणि तो सगळ्यांसमोर उजेडाच्या काचेवर लावायचा. पप्पांनी पहिलं नाव लिओनाचं दिलं. शिवाय आमच्या घरातली कार्डं आणून मंडपात दोरीवर टाचणीनं लावली. तीन वर्षांचे शनिवार. प्रत्येकावर त्यांच्या हातचं: सरळ, सरळ, सरळ. वाऱ्यानं ती फडफडत होती.

आदल्या दिवशीही मी सांगू शकले असते. त्या दिवशी सकाळीसुद्धा.

लिओना निळ्या फ्रॉकमध्ये काट्यांवर उभी राहिली. डावा काटा त्र्याहत्तर पौंडांवर थांबला. उजवा अठ्ठावन्नवर. पप्पा हसले आणि काटे बदलायला सांगितले. काटे बदलले. आकडे तेच आले.

मग परगावच्या डॉक्टर बर्नेटनी पाकीट फोडलं. ते आधी पप्पांकडे बघत राहिले, पण मंडप थांबला होता. काचेमागं दिवा लागला आणि लिओनाचा कणा सगळ्या जिल्ह्यानं बघितला. नदीसारखा होता. पुढच्या रांगेतल्या मिसेस टीडेमान शेजारणीला म्हणाल्या, "घरी डॉक्टर असून ही गत, आणि आपण महिन्याच्या महिन्याला त्याच्याकडे पालथ्या पडतो." हसू आधी तिथं फुटलं आणि मग मागं मागं पसरत गेलं. लिओनाही जरा हसली. तिला वाटलं, काहीतरी गंमत चालली आहे. मग तिनं मान वळवून काचेकडे बघितलं.

बर्नेट हळू आवाजात म्हणाले की तीन वर्षांपूर्वी कुणाच्या लक्षात आलं असतं तर आयोवा सिटीच्या दवाखान्यात पट्टा बांधून घेता आला असता. हाडं वाढत असतात तोवर तो वळण धरून ठेवतो. आता हाडं वाढायची थांबली.

पप्पा मंडपातून गाडीपर्यंत माझा दंड धरून चालले. गाडीत आई होती, लिओना होती. पप्पांनी मला विचारलं, "तुझं बोट चुकत नाही. शनिवारी सरळ होती ना?"

"हो पप्पा," मी म्हटलं.

ते मागं वळून लिओनाला म्हणाले, "म्हणजे तू पालथी पडल्यावर सरळ व्हायचीस आणि बाकी आठवडाभर वाकडी बसायचीस. पाठीनं खोटं बोललीस तू."

कायरोप्रॅक्टरच तेवढा असा चुकू शकतो. पप्पा माणसावर अविश्वास दाखवायचे, पण शिकवलेल्या बोटावर नाही.

त्यानंतर रोज जेवण झालं की लिओनाला दाराच्या चौकटीला टेकून अर्धा तास उभं करायचे, पाठीला मापाची लाकडी पट्टी बांधून. खिडकीत बसून वाचायची तिची पुस्तकं माळ्यावर गेली. नर्सिंगच्या शाळेनं तिला तपासून परत पाठवलं, तेव्हा पप्पा म्हणाले, आता भोग. मरताना त्यांनी माझी बोटं हातात घेतली. लिओना पायथ्याशी उभी होती. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "तिला सांग, नीट उभी राहा म्हणावं."

मी डॅव्हनपोर्टच्या कॉलेजात शिकून आले आणि पप्पांची जागा घेतली. लिओना पुढच्या टेबलाशी बसते, दर महिन्याला लोकांना फोन करून आठवण देते. "दुखत नाही म्हणता? मग हीच वेळ," असं तिच्या धाप लागलेल्या आवाजात ती अर्ध्या जिल्ह्याला सांगत आली. मी लहान मुलांच्या पाठी कधी सोडल्या नाहीत. जरा वळण लागलं तर त्याच दिवशी आयोवा सिटीला चिठ्ठी. लोक म्हणतात, हुल्डा डॉक्टरच्या बोटाखालून काही सुटत नाही.

काल अकरा वर्षांची एक मुलगी आली होती, आईबरोबर, असंच दाखवायला. एका मिनिटात मला कळलं. लिओनानं लगेच दवाखान्यात फोन लावला.

आज महिन्यातला पहिला मंगळवार. दार उघडायच्या आधी मी लिओनाला बघते. तिच्या हाडांवर आता जोर देत नाही, नुसते स्नायू मोकळे करते. गेल्या आठवड्यात शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं की फासळ्यांनी एक फुप्फुस दाबत आणलं आहे. यापुढं ऑक्सिजनचं नळकांडं बरोबर ठेवायचं. ती पालथी पडली तेव्हा नळी बाजूला सरकवून म्हणाली, "हात गरम कर आधी, म्हातारे. प्रेतं तपासतेस का?"

मी हात चोळले आणि पाठीवरून बोट खाली आणलं.

"कालच्या पोरीला पट्टा लागेल?" तिनं विचारलं.

"लागेल. पण सुटेल त्यातून."

"बरं झालं." ती श्वासासाठी थांबली. "मी खिडकीत वाकून वाचायचे ना. थंडीत पाय वर घेऊन. तेव्हा कुणी कानफाटात दिली असती तर बरं झालं असतं. ही गत माझी मीच करून घेतली."

हे ती दर महिन्याला कधी ना कधी म्हणते. दर महिन्याला मी म्हणते, जाऊ दे ग.

माझं बोट पात्याखाली आलं होतं.

"आणि तुझं हे बोट," ती उशीत बोलली, "इथं आलं की थांबतं. लहानपणीपण थांबायचं. मला वाटायचं, मणके मोजतेयस."

बाहेर पहिली गाडी येऊन उभी राहिली. दाराचं कुलूप अजून काढलं नव्हतं.

"मोजत नव्हते मी," मी म्हटलं. "मला लागलं होतं ते. जेवणावळीत तुला खुर्चीवर उभं केलं त्याच दिवशी. पप्पांनी विचारलं आणि मी सरळ म्हटलं. मग तीन वर्षं म्हणत राहिले. चुकून नाही लिओना, भीतीनं नाही. सगळे तुझ्याकडे बघत होते म्हणून. खिडकीनं काही झालं नाही, पुस्तकानं काही झालं नाही. तू काहीच केलं नव्हतंस."