चुकीच्या पायातला लाल पट्टा

मी एक जुना लाल पट्टा आहे. कुत्र्याच्या गळ्यातला नव्हे, प्रवासाच्या बॅगेचा तर मुळीच नव्हे. औषध चालू असलेल्या गाईच्या मागच्या पायाला बांधतात, तो मी. माझा अर्थ एवढाच, की या गाईचे दूध कोणी प्यायचे नाही आणि विकायचे नाही. वीतभर अंगाला हे काम फार मोठे आहे, आणि मित्रांनो, मला त्याचा गर्व आहे. लपवू कशाला?

कारखान्यातून मी जनावरांच्या औषधांच्या दुकानात आलो. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे 'नियमकाकू' म्हणत. डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर त्या बाटलीला हातही लावू देत नसत. जनावर डॉक्टरांनी स्वतः तपासले आहे का, त्याच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहिला आहे का, दूध किती दिवस बाजूला ठेवायचे ते लिहिले आहे का, हे सगळे त्या डोळ्यांत तेल घालून पाहत. गिऱ्हाइके तोंडावर हसत आणि पाठीमागे बोटे मोडत.

एके दिवशी एका गोठ्यातली सून दुकानात आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. गाईची कास सुजली म्हणून तिच्या सासऱ्यांनी शेजाऱ्याकडचे उरलेले औषध परस्पर देऊन टाकले होते. ते दूध डेअरीत गेले, तपासणीत औषध सापडले आणि तेरा घरांच्या दुधाने भरलेला टँकर गटारात ओतावा लागला. डेअरीने मोठ्या मिनतवारीने त्यांचे दूध पुन्हा घ्यायचे कबूल केले, पण ताकीद देऊनच. पुन्हा सापडले तर कायमचे बंद.

नियमकाकूंनी मला तिच्या हातात ठेवले. "हा घे. आणि औषध संपलं म्हणजे दिवस संपले असं समजू नकोस. चिठ्ठीतले दिवस मोजायचे."

गोठ्यात माझे स्वागत काही बरे झाले नाही. सासरे मला बघून म्हणाले, "माझ्या गाई मी डोळे मिटून ओळखतो. मला काय हे लाल फडकं सांगणार?" फडके! मला! मी मुकाट्याने खुंटीवर लटकलो.

त्या गोठ्यात दोन बहिणी होत्या, थोरली आणि धाकटी. रंग एक, शिंगे एकसारखी, कपाळावरचा पांढरा ठिपकाही तोच. थोरलीची कास सुजली. या वेळी डॉक्टर आले, त्यांनी तिला तपासले आणि चिठ्ठी लिहिली. नंबर एकेचाळीस. औषध संपल्यावर चार दिवसांपर्यंत दूध बाजूला.

सकाळी सुनेने थोरलीला अंगणात धुतले आणि कासेत औषध सोडले. ओल्या पायावरून मी घसरतो, म्हणून ती म्हणाली, "मामंजी, पाय वाळला की थोरलीला पट्टा बांधा हं. मी चारा घेऊन येते." तेवढ्यात दोन्ही बहिणी आपणहून गोठ्यात शिरल्या. धाकटी महाखादाड. थोरलीच्या गव्हाणीत वैरण जास्त दिसताच ती तिथेच जाऊन उभी राहिली. मामंजींनी नेहमीची जागा पाहिली आणि मला बांधले. धाकटीच्या पायाला!

मित्रांनो, तो दिवस मी कसा काढला ते माझे मला ठाऊक. संध्याकाळी थोरलीचे दूध टँकरमध्ये जाणार, पुन्हा तेरा घरांचे नुकसान होणार आणि या घराचे दूध कायमचे बंद होणार. मला ओरडता येत नव्हते. मला फक्त लाल दिसता येत होते, आणि जितका मी लाल दिसत होतो तितके माझे खोटे पक्के होत होते. मला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी सून दोन बादल्या घेऊन आली. तिच्या हातात चिठ्ठी होती. धारेला बसण्याआधी तिने धाकटीचा कान धरला.

"अगं, पट्टा दिसतोय ना ढळढळीत? कान कसला वाचतेस?"

"पट्टा आपण बांधलाय, मामंजी. नंबर डॉक्टरांनी लिहिलाय."

बिल्ल्यावर बेचाळीस होते. तिने पुन्हा वाचले. मग चिठ्ठी सासऱ्यांपुढे धरली. मामंजींचा चेहरा खर्रकन उतरला. ते खाली बसले आणि त्यांनी माझे बक्कल सोडले.

"चुकलो गं, सूनबाई. मी जागा ओळखली, गाय नाही ओळखली."

त्यांनी मला थोरलीच्या पायाला बांधले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाच्या तरी पायावर इतक्या आनंदाने आवळला गेलो. थोरलीचे दूध वेगळ्या बादलीत गेले, तिथून खड्ड्यात. डेअरीच्या तपासनीसाने टँकरजवळ उभे राहून निकाल सांगितला, "पास! सगळाच्या सगळा टँकर पास!" तेव्हा मामंजी असे ओरडले, की ड्रायव्हरच्या हातातला चहा सांडला. वर्षभर एकदाही खोट निघाली नाही आणि डेअरीने ताकीद मागे घेतली. हल्ली मामंजी स्वतः चिठ्ठी घेऊन दुकानात जातात. कोणी बिनचिठ्ठीचा आला की नियमकाकूंच्या आधी तेच त्याला हाकलतात.

आता माझे बक्कल सैल झाले आहे आणि रंग गुलाबीवर आला आहे. म्हातारपणी सगळे 'मला जपा' म्हणतात, मी नाही म्हणणार. मला खुशाल फेका आणि नवा लालभडक पट्टा आणा. पण मित्रांनो, तो बांधण्याआधी गाईचा कान हातात घ्या आणि नंबर मोठ्याने वाचा. आमच्या गोठ्यात तो मामंजी वाचतात. इतक्या जोरात, की शेजारच्या गोठ्यातल्या गाईसुद्धा माना वर करतात.