दर रविवारी

शिंपीकाकांच्या मुलीने पर्स टेबलावर ठेवली आणि परत उचलून मांडीवर घेतली.

"सगळंच पुसलंत? दोन तासांचं?"

"नियमच आहे हो तसा. बोलणं कागदावर उतरवलं, की रेकॉर्डिंग पुसायचं."

बाईंना स्वतःचाच राग आला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांवरच्या संशोधनासाठी काकांची मुलाखत त्यांनीच घेतली होती. काका गेल्याचं त्यांना आत्ता, हिच्या तोंडून कळत होतं, आणि रेकॉर्डिंग पुसलं होतं परवा. चार दिवस थांबलं असतं तर काय बिघडलं असतं!

"आवाज तरी ऐकावा म्हणून आले होते," मुलगी म्हणाली.

तिला जरा बरं वाटावं म्हणून बाईंनी काकांचा फॉर्म काढला. असे फॉर्म चारशे जणांनी भरले होते, आणि त्यातल्या फक्त बारा जणांशी बाई सविस्तर बोलल्या होत्या. त्या चारशे फॉर्मांची आकडेवारी सांभाळणारे सर सारखे चिडवायचे, "बारा जणांच्या गप्पा म्हणजे संशोधन होय?" तेव्हा बाईंनी काकांचीच फाइल त्यांच्यापुढे आपटली होती. जे फॉर्मवर, तेच बोलण्यात, अगदी तंतोतंत. सरांनासुद्धा ते मान्य करावं लागलं होतं.

"हे बघा. मुलं किती वेळा भेटायला येतात? दर आठवड्याला. तुमचं किती कौतुक होतं त्यांना!"

मुलगी 'दर आठवड्याला'पुढे काकांनी केलेल्या खुणेकडे बघतच राहिली.

"मी भांडून गेले होते. तीन वर्षं पाऊल टाकलं नाही घरात. फोनसुद्धा नाही केला."

"मग दुसरी कुणी..."

"मी एकटीच आहे."

दर रविवारी लेक येते, खिडकीजवळची खुर्ची ओढते, दमले म्हणून कुरकुरते, असं काका रंगून सांगत होते आणि बाई समोर बसून मान डोलावत होत्या. शंका कशाला येईल? फॉर्मशी जुळत होतं ना सगळं! मेलं ते जुळणं.

बाहेरच्या कुणाला कागद दाखवायचे नाहीत, हाही नियमच होता. बाईंनी काकांच्या उतरवलेल्या मुलाखतीचं सतरावं पान काढून तिच्यापुढे सरकवलं.

ती ओळींवर बोट ठेवून, शाळेतल्या पोरीसारखी मोठ्याने वाचू लागली.

"'आली की आधी माझं मशीन पुसून काढते. मग जवळ बसते. म्हणते, बाबा...'"

पान तिथेच संपलं. तिने ते उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

"पुढचं पान द्या ना," ती रडत म्हणाली. "पुढे मी काय म्हणाले?"